पट्ट्या काढलेली गाडी

अ‍ॅल्युमिनियम घासलं की हात काळे होतात. कोळशासारखे काळे नव्हेत. शिसपेन्सिलीच्या टोकासारखे करडे, थोडे चकाकणारे. साबणानं ते निघत नाहीत. दोडामार्गाकडून लग्न होऊन मी डिचोलीला आले आणि वर्षभरात माझे हात असे झाले. हळदीकुंकवाला गेले की बायका माझी बोटं बघायच्या आणि विचारायच्या, "काय गो, तवो घासून इलंस?" मी हो म्हणायची. जुन्या गाड्यांच्या पट्ट्या घासते असं सांगितलं असतं तर पुढे बराच वेळ समजावत बसावं लागलं असतं. आता हात थकले आहेत आणि वेळ भरपूर आहे, तेव्हा समजावून सांगते.

आमच्या ह्यांचं, म्हणजे दत्तारामांचं, डिचोलीहून साखळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या कामाचं गॅरेज होतं. खनिजाचे ट्रक ठोकून यायचे. चेपलेला दरवाजा हे हातोडीनं सरळ करायचे आणि रंगापूर्वीची घासाघीस माझ्याकडे असायची. पण आमचं नाव झालं ते ट्रकांमुळे नाही. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात परदेशी गाड्या बऱ्याच आल्या होत्या आणि लोकांनी त्या जिवापाड जपल्या होत्या. त्या गाड्यांच्या अंगावर, खिडक्यांभोवती, बॉनेटच्या कडेला चकचकीत पट्ट्या असायच्या. लोहचुंबक लावून बघायचं. चिकटला तर पट्टी पोलादाची, वर मुलामा दिलेली. ती आम्ही परत पाठवायचो. नाही चिकटला आणि हाताला हलकी लागली, की ती आमची.

ही पट्टी नुसती फडक्यानं पुसून उजळत नाही. कारखान्यात तिच्यावर एक पारदर्शक, कडक साल चढवलेली असते. वीस-पंचवीस पावसाळे आणि खाणीची लाल धूळ खाल्ली की ती साल धुरकट होते. मग आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ती साल काढायची. पट्टी पाण्यात फसफसते, वाफ येते, आणि वेळ ओळखून बाहेर काढली नाही तर सोडा साल सोडून धातू खायला लागतो. त्यानंतर मागच्या बाजूनं पोचे काढायचे, ओल्या पॉलिश पेपरानं खरखरीतपासून मऊपर्यंत घासत जायचं, आणि शेवटी मोटरवर फिरणाऱ्या सुती चाकावर धरायची. चाकावर ती अशी उजळते की बघणाऱ्याला सगळं चाकानंच केलं असं वाटतं. ते काम ह्यांचं. घासणं माझं.

गिऱ्हाइकं एकेक तऱ्हेची यायची. साखळीच्या एका गृहस्थांनी गाडीच्या फक्त डाव्या बाजूच्या पट्ट्या करून घेतल्या, कारण गाडी दारात उभी केली की उजवी बाजू भिंतीकडे होते. पण मला सांगायचं आहे ते धारगळच्या दोन भावांविषयी.

ते भाषेच्या भांडणाचे दिवस होते. राजभाषा कोंकणी व्हावी की मराठी, यावरून गोव्यात घराघरांत फूट पडली होती. घटक राज्य होणार होतं, त्याआधी हा निकाल लागायला हवा होता. मोर्चे निघत, रस्त्यांवर झाडं आडवी पडत, बसगाड्या बंद होत. अशा दिवसांत एक मलईच्या रंगाची जर्मन गाडी आमच्या दारात येऊन उभी राहिली. चालवत होता मोहन, चाळिशीचा, स्वतःची मिनीबस असलेला. मागच्या सीटवर त्याचा थोरला भाऊ विश्वनाथ, मराठी शाळेत गुरुजी. मोहन कोंकणीच्या सभांना जायचा, गुरुजी मराठीच्या. दोघांमध्ये बोलणं नव्हतं. घरात चुली वेगळ्या झाल्या होत्या.

"त्यांना सांगा," गुरुजी मला म्हणाले, "की आधी डाव्या बाजूची पट्टी काढू द्या, ती जास्त खराब आहे."

मोहन तिथेच उभा होता. तो म्हणाला, "तांकां सांगात, म्हाका आयकूंक येता." ऐकू येत होतं, तरी निरोप माझ्यामार्फतच.

गाडी त्यांच्या वडिलांची. नारळ-सुपारीच्या व्यापारात त्यांनी पैसा केला आणि हौसेनं ती घेतली होती. ते गेले आणि गाडी मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपीत, उभी राहिली. आता दोघांना वाटणी हवी होती. म्हाताऱ्या आईनं अट घातली: बाबांनी ठेवली होती तशी गाडी आधी करून आणा, दोघांनी मिळून आणा, मग वाटणीचं बोला. म्हणून दोघे एकत्र आले होते. एकावर सोपवावी तर दुसऱ्याचा विश्वास नव्हता.

पट्ट्या काढायला आम्हाला दिवस लागला. ओढून काढली की पट्टी मुरडते, म्हणून आतून एकेक चिमटा सैल करत जावं लागतं. संध्याकाळी बघतो तर म्हापशाकडचा रस्ता बंद झाल्याची बातमी. भाऊ अडकले. गुरुजी एका ओळखीच्या मास्तरांकडे झोपायला गेले. मोहन गाडीतच झोपला.

दुसऱ्या सकाळी रस्त्यावर एकही ट्रक नव्हता. इतकी शांतता मी त्या रस्त्यावर कधी अनुभवली नव्हती. ह्यांनी ठरवलं की मोठ्या पट्ट्यांची साल आजच काढून टाकू. बुडवायला एवढं लांब भांडं कुठलं असणार? आम्ही प्लास्टिकचा पाइप उभा चिरून त्याची पन्हळ केली होती, दोन टोकं बंद केली होती. ती दोन बाकांवर ठेवून त्यात सोड्याचं पाणी भरायचं. भाऊ दारात बसले होते, एक या बाजूला, एक त्या बाजूला. हे पन्हळीवर वाकून पट्टी उलटत होते आणि एका बाकाचा पाय मातीत खचला.

पन्हळ त्यांच्या अंगावरच आली. ते ओरडले नाहीत. दोन्ही हात तोंडावर घेतले आणि खाली बसले.

सोडा विकणाऱ्या दुकानदारानं मला एक गोष्ट बजावून सांगितली होती: अंगावर उडाला तर पाणी, आणि फक्त पाणी, आणि थांबायचं नाही. घासायच्या कामासाठी आमची सिमेंटची टाकी भरलेली असायची. मी ह्यांना तिच्याकडे ओढलं, मान मागे केली आणि तांब्यानं पाणी ओतायला लागले. शेजारची बाई धावत आली. ती म्हणाली दूध घाल, कोणी म्हणालं खोबरेल लाव. मी कोणाचं ऐकलं नाही.

"डोळे उघडा," मी ह्यांना सांगत होते.

"उघडनत नाय गो."

मी बोटांनी पापण्या धरून उघडल्या. आत सगळं लालभडक होतं. मी तांब्या परत भरला. तेवढ्यात पाठीमागून गुरुजींचा आवाज आला, "मोहन, गाडी काढ." मोहन आधीच गाडीत बसला होता.

दोन कळशा आणि एक डबा भरून घेतला. ह्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. डोकं गुरुजींच्या मांडीवर, मी खाली पाय ठेवायच्या जागेत गुडघ्यांवर. गाडी निघाली. तिच्या अंगावर एकही पट्टी नव्हती, नुसत्या भोकांच्या रांगा होत्या. मी पाणी ओतत होते, गुरुजी पापण्या धरून होते. त्यांचं पांढरं धोतर भिजलं, सीट भिजली, पायाखाली तळं झालं.

मुळगावला रस्त्यावर दगड मांडले होते आणि पोरं उभी होती, मराठीच्या बाजूची. त्यांतल्या एकानं आत डोकावलं आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही?" तो त्यांच्या हाताखाली शिकलेला निघाला. दगड भराभर बाजूला झाले. गुरुजींनी फक्त मान हलवली.

अस्नोड्याला पंपावर आम्ही कळशा परत भरून घेतल्या. पुढे थिवीच्या अलीकडे आंब्याची एक मोठी फांदी आडवी होती. तिथे माणसं जास्त होती आणि घोषणा कोंकणीच्या होत्या. मोहननं गाडी थांबवली. बोलायचं तर त्यानंच, ही माणसं त्याच्या बाजूची. पण तो काच खाली करेपर्यंत मागच्या खिडकीतून गुरुजींनी डोकं बाहेर काढलं होतं.

"आरे, माणूस कुड्डो जातलो हांगा! दोळ्यांत सोडो गेला ताच्या. वाट सोडात रे बाबांनो, पांयां पडटां."

माणूस आंधळा होईल, वाट सोडा, असं ते सांगत होते, आणि ज्या भाषेविरुद्ध ते सभेत बोलायचे त्याच भाषेत सांगत होते. शाळेत मराठी बोलणारा तो माणूस घरी आयुष्यभर असंच बोलत आला होता. घाबरल्यावर तेच तोंडात आलं. लोकांनी फांदी उचलली. दोघे-तिघे तर गाडीबरोबर धावत आले आणि पुढच्यांना ओरडून सांगायला लागले की हिला अडवू नका.

जरा पुढे गेल्यावर मोहननं आरशातून मागे बघितलं. "भाव, तुजी कोंकणी बरी आसा रे," तो म्हणाला.

"गाडी चलय," गुरुजी म्हणाले.

कित्येक महिन्यांनी ते एकमेकांशी थेट बोलत होते. मला त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही. माझं लक्ष कळशीत किती पाणी उरलंय याकडे होतं.

म्हापशाच्या इस्पितळात डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी परत बराच वेळ डोळे धुतले, औषध घातलं, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. मग मला विचारलं, "वाटेत काय घातलंत?"

"पाणी."

"दुसरं काही?"

"नाही."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "आता वाट बघायची. आजच मी काही सांगू शकत नाही."

व्हरांड्यात येऊन बसल्यावर पहिल्यांदा मला रडू आलं. दोन्ही भाऊ तिथेच उभे होते. मोहन कुठून तरी चहा आणि उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन आला. एक उंडा मोडून त्यानं अर्धा गुरुजींच्या हातात ठेवला.

रस्ते मोकळे झाल्यावर ह्यांना घरी आणलं. गॅरेज तसंच पडलं होतं. मला पट्टीची आशा नव्हती. सोड्यात राहिलेल्या पट्टीचं काय होतं ते मला माहीत होतं. पण पन्हळ उलटली तेव्हा पट्टी बाहेर पडली होती आणि मी ओतलेलं पाणी तिच्यावरून वाहून गेलं होतं. तेवढ्यानं ती वाचली. एक टोक मात्र मातीतल्या खळग्यात पडलं होतं. तिथे उरलेल्या सोड्यानं तिला देवीच्या वणांसारखे खड्डे पाडले होते. शिवाय पडताना ती मध्ये मुरडली होती.

भाऊ बघायला आले तेव्हा गुरुजी म्हणाले, "राहू दे आता. पट्टी गेली तर गेली. आईला आम्ही सांगू."

"तशी पट्टी गोव्यात दुसरी मिळायची नाही," मी म्हटलं. "मला बघू द्या."

हे मला सोपं वाटत होतं म्हणून मी म्हटलं नाही. घरात नुसतं बसून पट्टी बांधलेल्या डोळ्यांकडे बघणं मला सोसत नव्हतं. हेसुद्धा घरात बसेनात. त्यांची खुर्ची मी गॅरेजच्या दारात ठेवली.

मुरडलेली पट्टी तशीच सरळ करायला गेलं तर तडकते. आधी गॅसच्या ज्योतीनं तापवून मऊ करावी लागते. लोखंड तापलं की लाल होतं, आपल्याला कळतं. अ‍ॅल्युमिनियम काही कळू देत नाही. आहे तसं दिसतं आणि एकदम गूळ वितळावा तसं खाली गळतं. हे काम मी कधी केलं नव्हतं.

"साबण लाव," हे दारातून म्हणाले. "कपड्यांचो. मुरडलंय तिथे रेघ ओढ. आता ज्योत मागच्यान धर, लांबसून."

मी धरली. साबणाची रेघ पिवळी झाली, मग तपकिरी.

"काळी झाली काय?"

"होतेय."

"झाली काय ता सांग."

"झाली."

"काढ ज्योत."

मी ज्योत बाजूला केली. साबण जळून काळा झाला की तेवढा ताप पुरे. पट्टी होती तशीच होती. ती निवल्यावर वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीनं हळूहळू सरळ केली. मग खड्डे. ते घासून सपाट करायचे म्हणजे आजूबाजूचा धातूही तेवढाच खाली आणायचा, आणि तिथे पट्टी आधीच पातळ झाली होती. मी घासत होते, बोट फिरवून बघत होते, परत घासत होते. बरेच दिवस तेच चाललं.

शेवटी चाक. चाकाची मला भीती होती. त्याच्या फिरण्याच्या उलट दिशेला पट्टीची कड आली तर चाक ती हातातून हिसकावून घेतं आणि भिरकावतं. त्यात माणसांची बोटंही गेल्याचं मी ऐकलं होतं. ह्यांनी मला खुर्चीतूनच सांगितलं, कड नेहमी खाली सोड, अंगठे आत घे, चाकाच्या खालच्या अर्ध्यावरच काम कर. मोटर चालू झाली. मी पट्टी टेकवली.

"दाबू नको गो," हे म्हणाले.

मी पकड सैल केली.

"परत दाबतंस. आवाज जड झालो."

डोळ्यांना पट्टी बांधून माणूस दारात बसला होता आणि चाकाच्या आवाजावरून माझे हात बघत होता. मी किती वेळ उभी होते ते माहीत नाही. आवाज एकसारखा यायला लागला तेव्हा ते गप्प झाले. मी मोटर बंद केली, पट्टी फडक्यानं पुसली आणि उजेडाकडे धरली. गॅरेजचं छप्पर, दार, बाहेरचा रस्ता, सगळं तिच्यात होतं. टोकाला तिरकं बघितलं तर किंचित लाटा दिसत होत्या. पण ती वाचली होती.

"कशी झाली?" त्यांनी विचारलं.

"बरी झाली," मी म्हटलं. मग पट्टी परत उजेडात फिरवली आणि म्हटलं, "चांगली झाली."

डोळ्यांची पट्टी सोडायला आम्ही म्हापशाला गेलो त्या दिवशी मी तोंडात अन्नाचा कण घेतला नव्हता. डॉक्टरीण बाईंनी खोलीतला उजेड कमी केला, पट्टी सोडली, डोळे पुसले. ह्यांनी पापण्या उघडल्या, मिटल्या, परत उघडल्या. बाईंनी हात पुढे केला.

"किती बोटं?"

हे बघतच राहिले. मला वाटलं, संपलं सगळं.

"तीन," ते म्हणाले. "आणि अंगठ्यार शाई लागल्या तुमच्या."

बाई हसल्या. उजवा डोळा साफ वाचला होता. डाव्यात पुढे थोडं धुकं राहिलं, ते कायमचं. सोडा उडाला तेव्हा वेल्डिंगचा चष्मा गॅरेजात खुंटीला लटकत होता आणि तो कोणाला सुचला नाही, याची रुखरुख अजून आहे. पण बाईंनी त्या दिवशी जे सांगितलं, की थोडा वेळ जरी पाणी थांबलं असतं तर त्यांना वेगळं काही सांगावं लागलं असतं, ते आठवलं की रुखरुख मागे पडते. त्यानंतर सोड्याचं आणि चाकाचं काम माझ्याकडे आलं, हे बसवाबसवीचं आणि पत्र्याचं करायला लागले. गिऱ्हाइकांना ते आधी रुचलं नाही. मग सवय झाली.

शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, सुमारास गाडी पूर्ण झाली. भाषेचा कायदा तोवर होऊन गेला होता: राजभाषा कोंकणी, पण सरकारी कामात मराठीलाही जागा. दोन्ही बाजूंना जिंकल्यासारखंही वाटत होतं आणि फसल्यासारखंही. मोहन आणि गुरुजी गाडी न्यायला आले आणि आम्हा दोघांनाही धारगळला घेऊन गेले. आईनं बोलावलं होतं म्हणाले.

जानकीआई अंगणात काठी घेऊन उभी होती. ती गाडीभोवती फिरली. एक हात पट्टीवरून फिरवत होती. मागच्या चाकाजवळ बोटं थांबली.

"हांगा कितें?"

मी पुढे झाले आणि जे झालं ते सांगितलं. टोक सोड्यानं खाल्लं होतं, सपाट केलंय, पण पहिल्यासारखं झालेलं नाही, तिरकं बघितलं तर दिसेल.

म्हातारीनं ती जागा परत एकदा बोटानं चाचपली. "तुमच्या बापायनय ही हांगाच खांब्याक घांसल्ली," ती मुलांना म्हणाली. म्हणजे त्यांच्या बाबांनीही ती तिथेच खांबाला घासली होती. "आसूं दी." मग ह्यांच्याकडे वळली, त्यांची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे केलं आणि डोळे नीट बघितले, एक आणि मग दुसरा. तिला समाधान झालं असावं. ती गाडीचं दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, "हां, आता वाटणीचं उलयात."

"आधी च्या घेवया," मोहन म्हणाला. गुरुजी आत जाऊन चहाचं सांगून आले. कोणत्या चुलीवर सांगितलं ते मला कळलं नाही. पुढे त्यांच्या घराची वाटणी झाली, व्हायचीच होती. गाडीची मात्र झाली नाही. मतं दोघांचीही बदलली नाहीत, पण बोलणं परत बंद पडलं नाही.

मोहन आम्हाला गाडीनं सोडतो म्हणाला. जानकीआई गाडीतून उतरायला तयार नव्हती, म्हणून आम्हीच नको म्हटलं आणि हमरस्त्यावर येऊन बस धरली. ह्यांना मी खिडकीजवळ बसवलं. बस सुटली आणि ते वाचायला लागले.

"धारगळ," ते म्हणाले. "काजू बिया विकत घेतल्या जातील. सायकल दुरुस्ती. वाहने हळू चालवा."

एरवी हे बसमध्ये मोठ्यानं बोलायला लागले की मी त्यांना कोपरानं ढोसते. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. कंडक्टर तिकिटं देता देता थांबला.

"कोलवाळ पूल. आईस फॅक्टरी. येथे नारळ सोलून मिळतील."

म्हापशाला बस बदलली, तरी ते थांबले नाहीत. मराठी पाटी आली की मराठी, इंग्रजी आली की अडखळत इंग्रजी, कोंकणी आली की कोंकणी. थिवीच्या पुढे एका पाटीवर कोणीतरी आंदोलनात डांबर फासलं होतं.

"ही वाचूक येणा नाय," ते म्हणाले. "डांबर लावलंय."

"हो," मी म्हटलं. "डांबरच आहे ते." आणि डिचोली येईपर्यंत मी त्यांना वाचू दिलं.